दहा मिनिटांचा तुकडा प्रत्येकाने उचला

नमस्कार मंडळी,

जेवणाची वेळ होत आलीय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी परभणीचा. आपल्या मंडळात जालना, बीड, लातूर, नांदेडकडची बरीच घरं आहेत. गावाकडच्या पोरांसाठी दर दिवाळीला आपण वर्गणी काढतो, ती चालूच राहू द्या. आज मला तुमचा वेळ हवाय, प्राध्यापकांचे रेकॉर्ड केलेले तास ऐकून शब्दात उतरवायला.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपलं अभ्यास साहित्य सगळ्यांना फुकट खुलं करायचं २००१ साली जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा फुकट ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. पुढे २०२०च्या टाळेबंदीत मराठवाड्यातल्या कितीतरी प्राध्यापकांनी घरातच फळा मांडून मोबाइलवर तास रेकॉर्ड केले. त्यांतले अनेक अजून यूट्यूबवर आहेत आणि काही फार सुरेख शिकवलेले आहेत. पण त्यांचा मजकूर कुठेच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री एक सिद्धांत शोधायचा, तर अख्खा तास पुढेमागे करत बसावं लागतं. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या तर काहीच हाती लागत नाही. आणि तासाभराच्या व्हिडिओला शेकडो एमबी लागतात, त्याचाच मजकूर एका फोटोहूनही कमी जागेत मावतो. किनवटकडच्या तांड्यांवर रेंज धड मिळत नाही, तिथे हा फरक मोठा आहे.

यंत्र आपोआप लिहून देतं, हे खरं. पहिला खर्डा त्याच्याकडूनच घ्यावा. पण सर फळ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हे इकडं आणलं की ह्याचं चिन्ह बदलतंय." यंत्र तेवढंच उतरवतं. वाचणाऱ्याने काय समजायचं? तिथे चौकटी कंसात फळ्यावरचं समीकरण लिहावं लागतं, आणि त्याला विषय कळणारा माणूसच हवा. या सभागृहात असे किती जण बसलेत!

एक आग्रह मात्र आहे. सरांची बोली सुधारायला जाऊ नका. "आता आपण काय करायलोत?" असं ते म्हणाले, तर तसंच लिहा. अडखळणं, 'अं' वगैरे गाळा, बाकी वाक्य त्यांचं राहू द्या. वर्गातल्या पोरांना समजलं ते त्याच बोलीत.

उन्हाळ्यात लेकाकडे राहायला आलेल्या एका काकांना मी हे काम दिलं होतं. उदगीरला त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. हेडफोन लावून एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "इथं वजा सुटलाय!" खरंच सुटला होता. सरांना फोन लावला, त्यांनी मान्य केलं, आणि मजकुरात तशी टीप गेली. दुपारभर घरात एकटे बसणारे असे किती आई-बाबा आपल्याकडे येतात. त्यांना जरूर विचारा.

नवख्या माणसाला तासाभराचं व्याख्यान उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे केलेत. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने ऐकत तपासायचं. प्राध्यापकांची लेखी परवानगी आल्याशिवाय कोणत्याही तासाला हात लावायचा नाही.

जेवणानंतर दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलीय. नाव, विषय आणि आठवड्यातला मोकळा वार लिहा. भौतिकशास्त्र आणि मृदाशास्त्र येणाऱ्यांची आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे.