अंगणातलं औषध: झाड ओळखीचं, पण किती, कसं आणि कुणाला?

[कॅमेरा समोर. मागं न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अडुळसा, बाजूला कडुनिंब आणि त्याच्यावर चढलेली गुळवेल.]

नमस्कार मंडळी. आज मी परभणीतच, आमच्या नर्सरीच्या मागच्या बाजूला उभी आहे. इथं रोज कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "ताई, शुगरचं झाड हाय का? मुतखड्याचं? बीपीचं?" रोगाच्या नावानं झाड मागायची ही पद्धत अलीकडची. जुन्या बायका झाडाच्या नावानंच झाड मागायच्या, आणि त्याच्यासोबत तीन गोष्टी त्यांना पाठ असायच्या: किती घ्यायचं, कसं करायचं, आणि कुणाला द्यायचं नाही. मोबाइलवर मेसेज फिरतो त्यात झाडाचं नाव तेवढं टिकतं, बाकी तिन्ही गोष्टी वाटेत गळतात. आजचा व्हिडिओ त्या गळलेल्या भागाबद्दल आहे.

[सहाण आणि वेखंडाचा तुकडा हातात.]

ही सहाण. बाळघुटी उगाळताना आजी काय करायची, आठवतं का? वेखंडाचा एकच वेढा. मुरडशेंगेचे दोन. जायफळाचा एक, तोही हलक्या हातानं. प्रत्येक मुळीचे वेढे ठरलेले. ते वेढे म्हणजेच माप होतं, कारण जायफळ जास्त झालं तर लेकरू गुंगीत जातं आणि वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात. आता तयार पावडरच्या डबीतून चमचाभर घुटी देतात, तिथं वेढा कुठून आणायचा? आणि स्पष्टच सांगते, आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको म्हणतात, घुटीही नको, पाणीही नको. माझं मत त्यांच्याच बाजूनं आहे. सहाण दाखवली ती माप कळावं म्हणून.

आणि हे मापाचं शास्त्र आपल्या भागाला नवीन नाही. दौलताबादचा किल्ला बघायला आपण शाळेच्या सहलीत सगळेच गेलोय. तेराव्या शतकात तो देवगिरी होता, यादवांची राजधानी. तिथला मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावानं आपण औंढ्याच्या नागनाथासारख्या देवळांना हेमाडपंती म्हणतो, त्यानं 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ, लिहिली. त्याच काळातले केशव वैद्य, आणि त्यांचा मुलगा बोपदेव, यांनी कोणत्या वस्तूनं वात वाढतो, कशानं पित्त शमतं, अशी द्रव्यांची वर्गवारी केली. म्हणजे 'अमुक रोगाला तमुक झाड' इतकं सोपं उत्तर तेव्हाही कुणी देत नव्हतं.

चला, झाडांकडं येऊ. पहिला हा माझा लाडका, अडुळसा.

[पान कॅमेऱ्याजवळ.]

मराठवाड्यात याच्यासारखं सोशीक झाड नाही. न्हाणीचं पाणी मिळालं तरी खूश. शेळी बाभळीचा काटासुद्धा सोडत नाही, पण याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बेस्ट. आता हे बघा, मी पान चुरगाळते. हात हिरवा झाला, पण वाटीत थेंब पडला का? नाही. इथंच बरेच जण फसतात आणि मिक्सरला पाणी घालून फिरवतात. पान आधी तव्यावर नाहीतर वाफेवर गरम करायचं. असं मऊ पडलं, रंग काळपट झाला, की ठेचून फडक्यातून पिळायचं. आता बघा कसा रस येतो. वैद्य लोक यालाच पुटपाक करतात: पानांचा गोळा दुसऱ्या मोठ्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप, आणि निखाऱ्यात भाजायचा. मोठ्या माणसाला दोन चमचे रस, थोडा मध. झालं.

याच्यात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच 1960च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, आणि ब्रोमहेक्सिनपासून शरीरात जे बनतं ते अँब्रोक्सॉल. घरातली खोकल्याची बाटली उचला आणि मागचं लेबल वाचा, यातलं एखादं नाव सापडायची शक्यता चांगलीच आहे. चिकट कफ पातळ करून सोडवणं हे या सगळ्यांचं काम. कोरड्या ढासेत मात्र फार अपेक्षा ठेवू नका.

आता मेसेजमधून गळलेला भाग. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. एक वर्षाच्या आतल्या लेकराला मध द्यायचा नाही, मग तो अडुळशाबरोबर असो की नुसता. आणि तिसरं. एक जुना श्लोक आहे, त्याचा अर्थ असा की अडुळसा जगात असताना क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्यानं निराश का व्हावं? श्लोक लिहिला तेव्हा क्षयावर दुसरं औषधच नव्हतं हो. आज आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर काढ्याचं पातेलं खाली उतरवा आणि आधी थुंकी तपासून घ्या. घरोघरी मी हेच बघते की माणूस दोन-दोन महिने अडुळसा पितो आणि दवाखान्यात जातो तेव्हा निम्मा झालेला असतो.

[गुळवेलीकडं कॅमेरा.]

ही गुळवेल. कोरोनाच्या काळात हिचं खोड लोकांनी अक्षरशः ओरबाडून नेलं. कडुनिंबावरची गुळवेल जास्त चांगली असं वैद्य मानतात, म्हणून आम्ही ही कडुनिंबावरच चढवलीय. ओळख नीट करून घ्या. पान बदामाच्या आकाराचं, म्हणजे पत्त्यातला बदाम. खोडाची वरची साल कागदासारखी पातळ सुटते, नखानं खरवडलं की खाली हिरवं दिसतं. आणि हा तुकडा आडवा कापला. आत बघा, बैलगाडीच्या चाकाचे आरे असतात तशी रचना दिसते. हाच तुकडा फांदीवर अडकवून ठेवला तर खाली मातीपर्यंत मुळ्या सोडतो. म्हणून हिला अमृता म्हणत असावेत, मरतच नाही.

2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, पण हिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात लोकांनी घेतली असू शकते. त्या जातीच्या खोडावर ठळक फोड उठलेले असतात. वाद तज्ज्ञांचा आहे, मी त्यात पडत नाही. मला दोन्ही बाजूंकडून एकच कामाची गोष्ट मिळते: अनोळखी वेल तोडून आणू नका, आणि रोज सकाळी ग्लासभर, वर्षभर, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्यांना यकृताचा त्रास आहे, संधिवातासारखा स्वतःच्याच शरीरावर उलटलेला आजार आहे, किंवा शुगरची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हिला हातच लावू नये.

शुगरवरून आठवलं. सदाफुली.

[कुंडीतली गुलाबी सदाफुली.]

"रोज सकाळी उपाशीपोटी पाच पानं चावा, शुगर गायब." हा मेसेज तुम्हालाही आला असेल. आता याची खरी गोष्ट ऐका, फार भारी आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, तिथून जगभर गेली, आणि गेली तिथं मधुमेहावर वापरली जाऊ लागली. 1950च्या दशकात जमैकातून काही पानं कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकापर्यंत पोचली. त्यांनी शुगर कमी होते का ते उंदरांवर तपासलं. शुगर हलली नाही. पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. मग विचार आला की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथं हे चालेल का? त्यातून विनब्लास्टिन हे औषध आलं, आणि याच झाडातून पुढं विनक्रिस्टिन. लेकरांच्या रक्ताच्या कर्करोगावर विनक्रिस्टिन आजही वापरतात.

म्हणजे झाडात ताकद प्रचंड आहे, आणि म्हणूनच ते रोज चावायचं झाड नाही. पांढऱ्या पेशी म्हणजे आपली रोगाशी लढणारी फौज. तीच कमी करणारी द्रव्यं ज्या पानात आहेत ते पान मोजमाप न करता पोटात ढकलायचं? दारात लावा, फुलं देवाला वाहा, बस्स.

तसंच ते इन्सुलिनचं झाड. आम्हीही विकतो, खोटं कशाला बोलू, शोभेला छान दिसतं. पण इन्सुलिन हे प्रथिन आहे, तोंडावाटे घेतलं तर पोटात पचून जातं. म्हणून तर त्याचं इंजेक्शन असतं. पानाच्या नावावर जाऊन आपलं इंजेक्शन बंद करू नका.

आता बाकीचं झटपट. कोरफड कापली की लगेच गर काढू नका. पान असं उभं धरा. हे पिवळं पाणी निथळतंय ना, त्यानं जोरात जुलाब होतात, गरोदर बाईला तर ते मुळीच नको. निथळू द्या, धुवा, मग गर काढून भाजल्या-पोळल्यावर लावा. दगडीपाला, तोच हो, बांधावर पिवळट फुलांचा: खुरप्यानं बोट कापलं की शेतातले लोक पाला चुरगाळून रस पिळतात, आणि रक्त थांबतंही. गंमत म्हणजे हे झाड मूळ अमेरिकेकडचं. 'पूर्वापार' म्हणतो त्यातलं बरंच काही असं नंतर येऊन रुळलेलं आहे. पण रस लावला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन टाळायचं नाही. निर्गुडी ओढ्याकाठी फुकट मिळते. पाला पाण्यात उकळून गुडघ्याला शेक द्या, बरं वाटतं. कडुनिंबाची पाडव्याची गोळी ठीक, पण कडुनिंबाच्या निंबोळीचं तेल लहान लेकराला पाजायचं नाही, त्यानं फिट येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत.

एक प्रश्न कमेंटमध्ये हमखास येणार: काविळीची मुळी. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्याच्या तोंडाला फुटकी पाइपलाइन, त्यामुळं दूषित पाण्यातून होणारी कावीळ नेहमीची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात ज्यानं मुळी दिली, गळ्यात माळ घातली, त्याला श्रेय मिळतं. पण गरोदरपणात हीच कावीळ जिवावर बेतू शकते. रक्त तपासा. आणि साप चावला तर कोणतंच पान नाही, कोणतीच मुळी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर सरकारी दवाखान्यात लस आहे. गाडी काढा.

लावायचं कसं, ते सांगून संपवते. अडुळसा आणि गुळवेल दोन्ही काडीवर येतात. पहिला चांगला पाऊस झाला की वीतभर काडी, दोन डोळे मातीत, दोन वर. न्हाणीचं पाणी सोडा, कपड्याच्या सोड्याचं नको. आणि जवळ पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी असेल, तर लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी सोय करा. तिच्या बिया खाल्ल्या तर हृदय बंद पडतं.

तुमच्या अंगणातलं झाड ओळखून हवं असेल तर फोटो पाठवा, पण नुसत्या पानाचा नको. पान, खोड आणि फूल, तिन्ही पाठवा. पानाच्या एकट्या फोटोवरून मी उत्तर देणार नाही.