चौथी लेन रिकामी हवी

(दृश्य: बर्फाच्या डब्यात इवल्या नळ्या)

या नळीत जेमतेम काही थेंब आहेत. सशाच्या रक्तातून मिळवलेली अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला ओळखून चिकटणारं प्रथिन. लेबल सांगतं की ती मानवी हॅप्टोग्लोबिन ओळखते. लेबलावर विसंबून काम सुरू करायचं नाही, हा या प्रयोगशाळेचा शिरस्ता आहे, आणि तो तसाच असायला हवा.

हॅप्टोग्लोबिन हे रक्तातलं प्रथिन, यकृतात तयार होणारं. तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन मोकळं सुटतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं. हॅप्टोग्लोबिन त्याला घट्ट धरून ठेवतं, मग ती जोडी मॅक्रोफेज नावाच्या, कचरा गिळणाऱ्या पेशी आत ओढून घेतात. पेशी मोठ्या प्रमाणावर फुटू लागल्या की रक्तातलं हॅप्टोग्लोबिन झपाट्याने उतरतं.

(दृश्य: जेलचे जुने फोटो)

टोरांटोत शास्त्रज्ञ ऑलिव्हर स्मिथीज शोधत होते इन्सुलिनचं पूर्वरूप. प्रथिनं नीट वेगळी करणारं माध्यम मिळत नव्हतं. आई शर्टांना खळ करायची तेव्हा ती गार झाल्यावर थिजायची, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी स्टार्चचा जेल ओतून पाहिला. त्यावर वेगवेगळ्या माणसांच्या सीरमचे (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचे) पट्टे वेगवेगळे उमटले. आधी त्यांना वाटलं, हा स्त्री-पुरुषांतला फरक असावा. पुढच्या नमुन्यांनी तो समज मोडून काढला. फरक आनुवंशिक होता आणि तो हॅप्टोग्लोबिनचा होता. हे काम १९५५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून माणसांचे तीन मुख्य प्रकार मानले जातात: १-१, २-१ आणि २-२. यातलं '२' हे रूप भारतात फार मोठ्या प्रमाणावर आढळतं, त्यामुळे आपल्याकडे काम करणाऱ्यांना अँटीबॉडीची परीक्षा तिन्ही प्रकारांवर घ्यावीच लागते.

(दृश्य: जेलमध्ये नमुने भरताना हात)

आता नमुने पाहा. जेलमधल्या उभ्या रांगांना लेन म्हणतात; पहिल्या तीन लेनमध्ये तीन प्रकारांचं सीरम. चौथीत असं सीरम, ज्यातलं हॅप्टोग्लोबिन हिमोग्लोबिनच्या कॉलममधून गाळून काढून टाकलंय. नमुने ९५ अंशांवर तापवलेले, प्रथिनांच्या साखळ्या सुट्या केलेल्या. वीज सुरू झाली की निळी रेघ खाली सरकू लागते आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात.

मग ट्रान्सफर, म्हणजे जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवणं. स्पंज, फिल्टर पेपर, जेल, त्यावर मेम्ब्रेन. काम करणाऱ्या बाईंच्या हातातला छोटा रोलर पाहा, एकेक बुडबुडा कडेला ढकलला जातोय. इथे एक बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी प्रथिन मेम्ब्रेनवर उतरणारच नाही आणि ती रिकामी जागा पाहून भलताच निष्कर्ष निघेल.

पाँसो या प्रथिनं दाखवणाऱ्या रंगाने सगळं गुलाबी होतं. तो जाड ठसठशीत पट्टा अल्ब्युमिनचा, रक्तद्रवातल्या प्रथिनांत सर्वांत जास्त असलेल्याचा. चारही लेन सारख्या भरल्या आहेत, हे इथे डोळ्यांनी दिसतं. मग रंग धुऊन साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं द्रावण, म्हणजे अँटीबॉडी जिथे तिथे चिकटणार नाही. रात्रभर ४ अंशांवर अँटीबॉडी. सकाळी धुणं, मग पहिलीला चिकटून तिची जागा दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुणं.

(दृश्य: कॅमेऱ्याच्या पडद्यावर ब्लॉट, म्हणजे मेम्ब्रेनवरचा छाप उमटतो)

४० किलोडाल्टनपाशी (प्रथिनाच्या वजनाचं एकक) पहिल्या तिन्ही लेनमध्ये हॅप्टोग्लोबिनची बीटा साखळी. खाली पहिल्या लेनमध्ये ९च्या आसपास त्याचीच अल्फा-१ साखळी, तिसरीत १८च्या आसपास अल्फा-२, मधल्या लेनमध्ये दोन्ही. आणि चौथी लेन? कोरी. अल्ब्युमिनचा एवढा ढीग समोर असूनही अँटीबॉडीने त्याला हात लावलेला नाही. माझ्या मते या सगळ्या पडद्यावर सर्वांत मोलाची जागा हीच.

ही तपासणी टाळली की काय होतं? आतड्यांची गळती मोजायला जगभर वापरलं गेलेलं एक किट 'झोन्युलिन' म्हणजे हॅप्टोग्लोबिन-२चं पूर्वरूप पकडतच नाही, असं २०१८ साली दाखवून दिलं गेलं. ते बहुधा प्रॉपर्डिन हे वेगळंच प्रथिन पकडत होतं.

(दृश्य: वही, लेबल चिकटवताना)

सशातून येणाऱ्या अशा अँटीबॉडीचा लॉट, म्हणजे एकत्र बनलेली खेप, बदलला की ससाही बदललेला असू शकतो. म्हणून नवा लॉट आला की हेच चार नमुने पुन्हा जेलवर चढतात आणि ब्लॉटचा पूर्ण फोटो, कुठेही न कापता, लॉट नंबरासकट वहीत लागतो.