गच्चीवरची हायब्रीड काकडी : आधी वेलाची जात ओळखा

(दृश्य : बियाण्याची दोन पाकिटं. पांढऱ्या ताटलीत गुलाबी बिया ओतल्या जातात.)

दोन्ही पाकिटांवर ‘हायब्रीड’ असंच छापलंय. पण यातल्या एका वेलाला मधमाशी लागते आणि दुसऱ्याला ती जवळ आलेलीही चालत नाही. पाणी, खत सगळं वेळेवर देऊनही काकडी धरत नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथेच सुरू होते.

पहिला प्रकार ओळखीचा. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं, आणि पराग मिळाला तरच फळ. ‘पुसा संयोग’ हा आपल्याकडचा जुना संकरित वाण घ्या. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कुलू खोऱ्यातल्या कटराईन केंद्रात तो तयार झाला. जवळपास फक्त मादी फुलं देणारा जपानी वाण आणि ‘ग्रीन लाँग ऑफ नेपल्स’ यांचा हा संकर. मादी फुलं भरपूर, पण परागावाचून सुटका नाही.

दुसरा प्रकार पॉलिहाऊसवाल्यांचा, पार्थेनोकार्पिक. हा परागाशिवाय फळ धरतो. पातळ सालीची, बी नसलेली जी ‘इंग्लिश काकडी’ बाजारात मिळते, ती ही. पाकिटावर ‘पार्थेनोकार्पिक’ किंवा ‘सीडलेस’ असं काही नसेल, तर वाण पहिल्या प्रकारातला धरून चाला. मधमाश्या फिरकत नाहीत अशा उंचावरच्या बाल्कनीत दुसरा प्रकार बरा. उघड्या गच्चीवर पहिला.

(दृश्य : कागदी कपात बी टोचताना बोटं.)

बियांचा गुलाबी रंग बुरशीनाशकाचा आहे, तेव्हा त्या भिजत घालू नका आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कागदी कपात एकच बी, दीड ते दोन सेंटिमीटर खोल. हवा २५ ते ३० अंशांची असली की चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. डिसेंबरच्या थंडीत तो रेंगाळतो आणि बऱ्याचदा बी आतच कुजतं. म्हणून महाराष्ट्रात उन्हाळी काकडी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत आणि पावसाळी काकडी जून-जुलैत लावतात.

कोंबाच्या पहिल्या जाड दोन पानांनंतर येणारी दोन खरी पानं आली की रोप हलवायचं, त्यापुढे थांबायचं नाही. काकडीच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून कपाचा तळ फाडून मातीच्या गड्ड्यासकट रोप लावा.

एका वेलाला किमान १५ ते २० लिटरची बादली हवी. रंगाची रिकामी बादली चालते, पण ती आधी स्वच्छ घासा आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. चार भाग माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. एका बादलीत दोन वेल लावायचा मोह होतोच. ते दोघं एकमेकांचं पाणी पळवतात आणि काकडी कडू होते.

(दृश्य : सुतळीवर चढणारा वेल. कात्री बगलफुटीजवळ थांबते.)

सहा तास ऊन आणि सहा फुटांची सुतळी, एवढी वेलाची गरज. कात्री कुठे चालवायची हे मात्र जातीवर ठरतं. पार्थेनोकार्पिक वेल एका दांड्यावर वाढवतात. खालच्या चार-पाच पेरांवरची फुलं आणि सगळ्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्या) कोवळ्या असतानाच खुडायच्या, म्हणजे मुळं आधी जोर धरतात. हीच छाटणी नेहमीच्या प्रकारावर केलीत तर नुकसान, कारण त्याची मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात. तिथे फक्त जमिनीलगतच्या दोन-तीन फुटी काढा.

(दृश्य : दोन फुलं शेजारी शेजारी, अगदी जवळून.)

डावीकडचं नर फूल, बारीक देठावरचं. उजवीकडच्या मादी फुलामागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, लव असलेली काकडी आहे. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि गळतात. घाबरायचं कारण नाही. कडक उन्हाळ्यात आणि मोठ्या दिवसांत नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं.

मादी फूल उमलतं त्या सकाळीच पराग स्वीकारतं. नऊच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. पराग अपुरा पडला तर काकडी एका टोकाला चिमटते किंवा आकड्यासारखी वाकते. अजिबात मिळाला नाही, तर ती पिवळी पडून गळते.

पार्थेनोकार्पिक वेलावरही कोवळ्या काकड्या पिवळ्या पडतात, पण त्याचं कारण वेगळं. पेरापेराला फळ धरलं की वेलाला सगळं पोसवत नाही. तिथे ब्रश घेऊन पराग लावत बसू नका. उलट मधमाशीने शेजारच्या साध्या काकडीचा पराग आणला, तर फळात बी भरतं आणि टोक फुगतं. दोन्ही जाती शेजारी लावू नयेत ते यासाठी.

आता पाणी. भर फळात असलेला वेल एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितो. सकाळी बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या. एक दिवस सुकवून दुसऱ्या दिवशी बादली तुडुंब, हा प्रकार वाईट. ताण पडला की कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य फळात वाढतं. ते देठाच्या टोकाशी आणि सालीखाली जास्त असतं. टोक कापून घासायची घरोघरची रीत आहे, पण फायदा मुख्यतः तो तुकडा कापल्याचा. जिभेला झोंबेल इतकी कडू काकडी मात्र टाकून द्या, पोट बिघडतं. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंची थर आणि बादलीला बाहेरून गोणपाट, एवढ्याने मुळं गार राहतात.

हायब्रीड म्हणजे खत ओतायचा परवाना नव्हे. आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) लिटरला दोन ग्रॅम, फळं लागली की त्याऐवजी पालाश जास्त असलेलं १३:००:४५, तेवढ्याच प्रमाणात. नत्र जास्त झालं की पानं थाळीएवढी होतात आणि फुलं रुसतात.

(दृश्य : पान उलटं केलं जातं.)

वरून शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे डाग, खालून करडी-जांभळट बुरशी : हा केवडा. पावसाळ्यात पान ओलं राहिलं की येतो. खालची डागाळलेली पानं काढा, पाणी मुळाशीच द्या. पांढरी पूड दिसली तर ती भुरी. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळी उन्हात फवारा. पानं आखडून हिरवी-पिवळी चट्टेरी झाली, तर तो मोझॅक. मावा तो पसरवतो आणि औषध नाही. वेल उपटा.

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. बाहेर डिंकाचा बारीक थेंब दिसतो, आत अळ्या. क्यू ल्यूर या माशीला भुलवणाऱ्या गंधाच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून फूल सुकल्यावर फळाला कागदी पिशवी घाला. किडलेलं फळ कचऱ्याच्या डब्यात उघडं टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून टाका.

पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत पहिली तोडणी. मग एक दिवसाआड, आणि कात्रीनेच. ओढलं तर वेल सोलवटतो. एखादी काकडी नजर चुकवून पिवळी झाली की वेल नवीन फुलं धरणं कमी करतो. तिचं बीही राखू नका. पुढच्या पिढीत गुण विखुरतात, एक वेल लांब काकडीचा तर दुसरा आखूड.

वेल दमला की मुळासकट काढा. त्या बादलीत लगेच दुधी किंवा दोडका लावू नका, केवडा आणि फळमाशी त्यांच्यावरही येतात. खत मिसळून मेथी टाका.