विकायला काढलेलं घर दाखवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. घर विकायचं ठरलं की पहिला फोन जातो रंगाऱ्याला. तो आधी प्लंबरला जायला हवा.

नागपुरात घर बघायला आलेला माणूस हॉलमध्ये बसण्याआधीच छताकडे बघतो. स्लॅबच्या कोपऱ्यातला पिवळसर डाग, बाथरूमच्या मागच्या भिंतीला आलेला फुगा. हे दिसलं की भाव तिथंच उतरला. म्हणून घाईनं पुट्टी फासली जाते. पण ओल भिंतीच्या आत तशीच राहते, पाण्याबरोबर क्षार बाहेर ढकलले जातात आणि पुट्टी पापडासारखी सुटते. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 आहेच: सहज नजरेला न येणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्यानं सांगायला हवा.

ओल कुठून येते ते आधी तपासा. एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. 24 तासांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून दिसले तर खोलीची हवाच दमट आहे, आणि आपल्याकडे याला पुष्कळदा कूलर कारण असतो. भिंतच ओली असेल तर टाइल्सचे सांधे, टाकीचा पाइप, गच्चीचा उतार बघून गळती बंद करा. मग पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडा आणि दोन-तीन आठवडे पंखा चालू ठेवा. प्लास्टिक पुन्हा लावून बघा. कोरडं निघालं तरच पुट्टीचे दोन पातळ हात, घासकाम, प्रायमर आणि रंग. हे सगळं मृगाच्या आधी उरकावं. पावसाळ्यात भिंत वाळत नाही.

देवघरामागची काजळी वेगळी. ती तेलकट असते, नुसता पाण्याचा रंग मारला की चार दिवसांत पिवळी होऊन वर येते. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग ऑइल प्रायमर. देवघर हलवू मात्र नका. बघणारे दिशा विचारतातच.

आता कूलर. खिडकीतला कूलर अर्धा उजेड खातो आणि खाली गंजाचे ओघळ सोडतो. हिवाळ्यात घर दाखवत असाल तर तो काढून ठेवा. मे महिन्यात तो हवाच; पण टाकी घासा, गवताच्या जाळ्या बदला. कुजक्या गवताचा वास दारातच गाठतो, आणि तो उदबत्तीनं झाकत नाही.

बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरा थर चढतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे निंबूफूल (लिंबूसत) विरघळवा, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळा. फरशी कोटा, संगमरवर किंवा मोझॅकची असेल तर हे पाणी खाली सांडू देऊ नका. ॲसिड तर नकोच. दगडातला चुना खाल्ला जातो, चकाकी जाते आणि मग मशीननं पॉलिश करण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

सामान निम्मं झालं तरी चालेल. दार पूर्ण उघडावं, दिवाणाभोवती अडीच फूट वाट राहावी. माळ्यावरचे गाद्या-डबे आधीच हलवा, लोक माळेही बघतात. एका खोलीत पिवळा आणि पांढरा असे दोन दिवे ठेवू नका, नवा रंगही मळका दिसतो.

पश्चिमेकडच्या खोल्या उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत दाखवा. दुपारी कशा तापतात हे कुणी विचारलं तर खरं सांगा, आणि खिडकीवर छज्जा असेल तर तोही दाखवा.

टेबलावर एक फाइल हवी: विक्रीपत्र, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशा, घरटॅक्सची ताजी पावती, गुंठेवारीचा प्लॉट असेल तर नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र). झेरॉक्स दाखवा, मूळ कागद कपाटात.