कलेजीतला फुगा आणि दारातलं कुत्रं

नमस्कार मंडळी. आज थेट मटणाच्या दुकानात जाऊ.

(स्क्रीनवर: गाठ असलेल्या कलेजीचा फोटो)

खाटीक कलेजी कापतो आणि कधीकधी आत असा पांढरट फुगा निघतो. लिंबाएवढा, आत नितळ पाणी. तेवढा भाग तो कापून भिरकावतो. खाली कुत्री टपलेलीच असतात. सगळी गोची इथंच आहे.

त्या फुग्यात एका पट्टकृमीची पिल्लं असतात. नाव एकायनोकॉकस, रोगाचं नाव हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात. मोठी म्हणजे किती? जेमतेम पाच-सहा मिलिमीटर! कुत्रं मजेत असतं, पण त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, मातीत, त्याच्याच केसांत जातात. गवत शेळ्या-मेंढ्या खातात. आणि आपण? कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसतो, नाहीतर शेतातली कोथिंबीर न धुता तोंडात टाकतो. आतड्यातून अळी रक्तात शिरते, आणि रक्ताचा पहिला थांबा लिव्हर. म्हणून बहुतेक गाठी तिथंच.

आता गंमत बघा. ती गाठवाली कलेजी तुम्ही खाल्लीत तर हा रोग होत नाही. कुत्र्यानं खाल्ली, की धोका तुम्हाला.

गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसते. ती फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय सांडलेल्या पाण्यातून पोटात नव्या गाठी धरतात. म्हणून सर्जन आधी भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप, म्हणजे कापडाच्या घड्या, रचतात, मग गाठीला हात घालतात. औषध अल्बेंडाझोल, शाळेत जंतांसाठी देतात तेच. पण इथं एका गोळीनं भागत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक आठवडे, कधी महिनोन्महिने घ्यावं लागतं.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या रोगानं कहर केला होता. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेला, कुत्री तपासली, लोकांना समजावलं. पुढं कायदे झाले: कुत्र्यांना जंताचं औषध द्या, गाठी असलेले अवयव नष्ट करा. आज तिथून हा रोग गेलाय. लस नव्हती, सोनोग्राफी नव्हती!

आपल्याकडे जत्रेत बोकड पडतात आणि फुप्फुसं-आतडी ओढ्याकाठी. निदान एवढं करा: वाड्यावरच्या कुत्र्याला पशुवैद्यकाला विचारून नियमित प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या. आणि टाकाऊ अवयव पुरायचे तर खड्डा खोल खणा. वरवर माती लोटलीत, तर रात्री कुत्री उकरणारच.