मोती आणि धबधबा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आईला घेऊन एसटीनं चिपळूणला चाललो होतो. परशुराम घाट उतरताना मी म्हटलं, "आई, तो बघ सवतसडा!" तिनं पदरानं खिडकीची काच पुसली, मग चष्मा पुसला आणि म्हणाली, "धुकं आहे रे नुसतं." धुकं नव्हतं. उघडीप होती, आणि पाण्याची पांढरी धार कड्यावरून सरळ खाली येत होती. (त्या सवतींची गोष्ट मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.)

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'कॅटरॅक्ट'. घरी आल्यावर तो कागद नातवाच्या हाती पडला. त्याचा आफ्रिकेचा नकाशा पाठ करणं चालू होतं. तो ओरडला, "आजी, तुझ्या डोळ्यात नाईल नदी आहे!"

पोरगं चुकलं नव्हतं. आस्वान ते खार्टूम या टप्प्यात नाईल नदीवर 6 'कॅटरॅक्ट' मोजतात. आपल्या डोळ्यांसमोर मार्लेश्वरसारखा उंचावरून कोसळणारा धबधबा येतो, पण तसं तिथं काही नाही. पात्रात खडक वर आलेले, त्यांतून पाणी फेसाळत, भोवरे करत धावतं. होडी पुढे नेणं कठीण. आपल्याकडे गलबतं गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची, तशी तिथंही वाट अडायची. फक्त अडवणारा खडक.

आता नदीतला हा शब्द डोळ्यात कसा शिरला? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खाली झेपावणारं. लॅटिनमध्ये त्यानं धबधबाही दाखवला आणि किल्ल्याचा, वरून धाडकन खाली सोडायचा जाळीचा दरवाजाही. इकडे जुन्या वैद्यांची समजूत अशी, की डोक्यातून पाणी डोळ्यात उतरतं आणि बाहुलीमागे थिजून बसतं. अरबी वैद्य त्याला 'पाणी उतरणं' अशाच अर्थाचं नाव देत. 11व्या शतकात ते ग्रंथ लॅटिनमध्ये गेले, तेव्हा या दुखण्याला 'कॅटरॅक्ट' म्हणू लागले. उतरलेलं पाणी म्हणा की पडलेला दरवाजा म्हणा, रोग्याला दोन्ही पटण्यासारखं.

खरं तर वरून काहीच उतरत नाही. बाहुलीमागचं आपलं स्वतःचं भिंगच वयानं गढूळ होतं. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर जसा पारदर्शकपणा सोडतो, साधारण तसं. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र चिकटून राहिलं.

आणि आपण काय म्हणतो? मोतीबिंदू! हे नाव समोरून बघणाऱ्यानं ठेवलेलं, यात मला शंका नाही. पिकलेल्या बिंदूची पांढरट चमक त्याला मोत्यासारखी दिसली. ज्याच्या डोळ्यात तो मोती असतो, त्याला धुकंच दिसतं.

"पिकू दे, मग काढू," असं आमच्या शेजारच्या काकूही सांगून गेल्या. पूर्वी ते खरं होतं. आता पिकायची वाट बघायला नको, रोजच्या कामात अडचण होऊ लागली की डॉक्टरांना विचारावं. गढूळ भिंग काढून त्या जागी नवं बसवतात. असं भिंग पहिल्यांदा 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते, आणि डोळा ते निमूट सोसतो हे त्यांनी पाहिलं होतं.

आईच्या एका डोळ्याचं काम झालंय. दुसऱ्याचं दिवाळीनंतर. सध्या ओटीवर बसून ती एकेक डोळा आळीपाळीनं झाकून घर बघते. परवा मला हाक मारली. "अरे, ह्या डोळ्यानं भिंत पांढरी दिसते, ह्या डोळ्यानं पिवळी. रंगाऱ्याचे उरलेले पैसे कुठल्या डोळ्यानं द्यायचे?"