किनारा तिथीप्रमाणे लहानमोठा होतो

अध्यक्षमहाशय आणि बडोदेकर मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी आणि सोयी'. ती हातात पडल्यापासून तिघांनी विचारलं, की बडोद्यात बसून समुद्रावर कशाला बोलता? अहो, किनाऱ्यावर गर्दी करतं कोण? आपणच. दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या बडोद्याचा निम्मा दांडिया बाजार कोकणात भेटतो. शिवाय विश्वामित्रीच्या काठी 'पाण्यात उतरू नका' अशी पाटी लावावी लागत नाही. मगरी ते काम बिनपगारी करतात. (हशा) कोकणच्या समुद्रात मगरी नाहीत, म्हणून तिथे माणसं नेमावी लागतात.

आधी एक किस्सा सांगतो, मग मुद्द्यावर येतो. घड्याळाकडे बघू नका, वेळेत आटपतो.

एका कोजागिरीला संध्याकाळी आम्ही नऊ जण दोन गाड्यांतून निघालो. दूध थर्मासात, चंद्र काचेतून. सकाळी साडेसहाला अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर पोचलो. पाणी इतकं लांब, की भाचा म्हणाला, "मामा, समुद्र अजून उघडला नाही का?" वाळू ओली, टणक, आपल्या रस्त्यांपेक्षा बरी. मेव्हण्याने नवी गाडी थेट खाली नेली, फोटोसाठी. पार्किंगचे पैसे वाचले म्हणून त्याची पाठ कोणी थोपटली? मीच. मग मावशीकडे गेलो. घावनं, चहा, आंघोळी, परत चहा, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. साडेअकराला परत येतो तो गाडीच्या दारापर्यंत पाणी. मेव्हणा चपला हातात घेऊन धावला. चपला कशाला वाचवत होता देव जाणे.

शेवटी एक आजोबा बैलजोडी घेऊन आले. दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" मेव्हणा म्हणाला, "शनिवार." (मोठा हशा) आजोबांनी हातातला दोर खाली ठेवला आणि त्याला नीट न्याहाळलं. बैलांची मजुरी मात्र त्यांनी तिथीवर नाही, गाडीवर ठरवली.

गाडी निघाल्यावर त्यांनी शिकवलं ते तिथल्या पोरासोरांनाही येतं. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. थोडं इकडेतिकडे होतं, पण चालतं. त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती पुरी. साडेअकराला पाणी अजून चढतच होतं! अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आणि पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं आणि सगळ्यात खालीही जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण माणसं मोजतो, गाड्या मोजतो, खोल्या मोजतो. वाळू कोणी मोजत नाही. पन्नास मीटरला एक मीटर उतार धरा. पाणी तीन मीटर चढलं, की दीडशे मीटर वाळू गेली. सकाळी हजार माणसांना ऐसपैस पुरणारा किनारा दुपारी शंभरांना पुरत नाही, आणि आपण म्हणतो, गर्दी वाढली. गर्दी तेवढीच आहे हो, घर लहान झालं!

गणपतीपुळ्याचंच घ्या. देऊळ अगदी वाळूला लागून. अंगारकीला लोटते ती गर्दी. अंगारकी म्हणजे मंगळवारी आलेली संकष्टी, वद्य चतुर्थी, चार पाऊणे तीन. दुपारी तीनला वाळू अरुंद. पुढे ओहोटी लागते, आणि दर्शन आटपून लोक पाच-सहाला पाण्यात उतरतात तेव्हा पाणी आत ओढत असतं. हे काही अचानक घडत नाही. दर संकष्टीला हेच, आणि संकष्टी कधी हे वर्षभर आधी कॅलेंडरात छापलेलं असतं. मग जीवरक्षकांची पाळी त्याप्रमाणे का लावू नये?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

सोयी. गाड्या वाळूवर नकोतच, त्या गावाच्या बाजूला, तिथून पायवाट. शौचालय, कपडे बदलायच्या खोल्या तात्पुरत्या बांधता येतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत त्याला वाव आहे, भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, लाल झेंडा असला तर नाहीच. 'ब्लू फ्लॅग' नावाचं मानांकन असतं, ३३ निकषांचं. पाण्याची तपासणी, कचरा, जीवरक्षक, सगळं त्यात येतं. २०२० मध्ये देशातले पहिले आठ किनारे त्यात आले. त्यात द्वारकेजवळचं शिवराजपूर आहे आणि दीवचं घोघला. पुढच्या सुट्टीत बघून या, आपल्याच बाजूचे आहेत. आणि प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी एक काळा फळा हवा: आज तिथी अमुक, पूर्ण भरती इतक्या वाजता, त्याआधी तासभर लहान मुलांना वर घ्या. खर्च? एक खडू.

मागून कोणी विचारताय, सुरतेजवळच्या डुमसला हे गणित चालेल का? नाही हो! खंबातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा उशिरा येते आणि चढतेही जास्त. तिथे गेलात तर तिथल्याच माणसाला विचारा. आणि गाडी वरच लावा.